नोकरी सांभाळून सैनिक: प्रादेशिक सेनेची घडण, इतिहास आणि कार्यपद्धती

नवी दिल्ली: ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, 9 मे 2025 रोजी, केंद्र सरकारची एक अधिसूचना प्रकाशात आली आणि एरवी चर्चेत नसलेले एक सैन्यदल अचानक सर्वांच्या नजरेत भरले. प्रादेशिक सेनेच्या म्हणजेच टेरिटोरियल आर्मीच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेनुसार सेवेवर पाचारण करण्याचे अधिकार या अधिसूचनेने लष्करप्रमुखांना दिले. दलाच्या 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन प्रत्यक्ष सेवेत आणण्यास त्यात मंजुरी देण्यात आली. दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर आणि दक्षिण-पश्चिम हे लष्कराचे विभाग, अंदमान व निकोबार विभाग तसेच लष्करी प्रशिक्षण विभाग अशा सर्व ठिकाणी त्या तैनात करता येतील, असेही त्यात नमूद होते.

या बातमीनंतर अनेकांच्या मनात साहजिक प्रश्न उभे राहिले. हे दल नेमके कोणाचे? त्यात नोकरदार, व्यावसायिक कसे काय असतात? पाचारण झाले की त्यांच्या नोकरीचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे या दलाच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात आणि त्याच्या काहीशा वेगळ्या रचनेत आहेत.

आदेशाचा अर्थ

ही अधिसूचना 6 मे 2025 ची असून ती प्रादेशिक सेना नियम, 1948 मधील नियम 33 नुसार काढण्यात आली. तिचा अंमल 10 फेब्रुवारी 2025 पासून 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत, म्हणजे तीन वर्षांचा आहे. मुदत मागील तारखेपासून सुरू होत असल्याने, हा आदेश केवळ त्या आठवड्यातील तणावातून निघाला असे म्हणता येत नाही. नियमित सैन्याला पूरक मनुष्यबळ हाताशी ठेवण्याची ही कायदेशीर तजवीज आहे. मात्र तिची वेळ अशी जुळून आली की तिच्याकडे युद्धसज्जतेचे चिन्ह म्हणून पाहिले गेले.

अधिसूचनेतील एक अट फारशी चर्चिली गेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. अर्थसंकल्पात तरतूद असेल किंवा अंतर्गत बचतीतून निधी उपलब्ध असेल, तरच बटालियन सेवेत आणता येते. संरक्षण मंत्रालयाखेरीज अन्य मंत्रालयाच्या मागणीवरून एखादी बटालियन उभी केली गेली, तर तिचा खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर पडतो. गरज असेल तेव्हा सैनिक आणि गरज नसेल तेव्हा नागरिक, हे या दलाचे तत्त्व आहे. त्यामागे देशसेवेच्या भावनेइतकाच काटकसरीचा विचारही आहे.

स्वयंसेवक पथकांपासून कायद्यापर्यंत

अर्धवेळ सैनिकांची कल्पना भारतात इंग्रजी अमदानीत रुजली. 1857 च्या उठावानंतर येथील युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रहिवाशांची स्वयंसेवक पथके ठिकठिकाणी उभी राहिली. त्यांत भारतीयांना स्थान नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये, ‘इंडियन डिफेन्स फोर्स’ची स्थापना झाली. 1920 मध्ये त्याचे दोन भाग करण्यात आले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियनांसाठी ‘ऑक्झिलियरी फोर्स’ आणि भारतीय स्वयंसेवकांसाठी ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’ अशी ती विभागणी होती. सैन्यात भारतीयांना अधिक वाव मिळावा, या त्या काळातील राजकीय मागणीचीही या दुसऱ्या दलाला पार्श्वभूमी होती.

‘टेरिटोरियल’ हे नाव ब्रिटनमधून आले. तेथे 1908 मध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांतून ‘टेरिटोरियल फोर्स’ हे अर्धवेळ दल स्थापन झाले होते. आपल्याच प्रदेशात भरती होणारे आणि तेथेच सराव करणारे सैनिक, हा या शब्दामागचा अर्थ. ब्रिटनने 2014 मध्ये आपल्या दलाचे नाव बदलून ‘आर्मी रिझर्व्ह’ केले. भारतात मात्र जुने नाव आजही कायम आहे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पूर्ण बदलली होती. फाळणीबरोबर सैन्याचीही वाटणी झाली होती, काश्मीरमध्ये लढाई सुरू होती आणि तिजोरी मर्यादित होती. कायम सैन्याचा आकार हवा तितका वाढवणे परवडणारे नव्हते. अशा वेळी 1948 मध्ये संविधान सभेने विधिमंडळ या नात्याने प्रादेशिक सेना कायदा संमत केला. 9 ऑक्टोबर 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते दलाचे औपचारिक उद्घाटन झाले. हाच दिवस दरवर्षी प्रादेशिक सेना दिन म्हणून साजरा होतो. ‘सावधानी व शूरता’ हे दलाचे ब्रीदवाक्य आहे.

प्रारंभीच्या काळात या दलाचा पसारा विविधांगी होता. पायदळाबरोबर चिलखती दल, हवाई संरक्षण तोफखाना, किनारी तोफा, अभियंता, संदेशवहन, वाहतूक आणि वैद्यकीय तुकड्याही त्यात होत्या. 1972 पर्यंत पायदळ वगळता यांतील तुकड्या एकतर नियमित सैन्यात सामावल्या गेल्या किंवा बंद झाल्या. पुढे गरजा बदलल्या तसे दलाचे स्वरूपही बदलत गेले.

युद्धभूमीवर दुसरी फळी

1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांना पाचारण करण्यात आले होते. श्रीलंकेतील ‘ऑपरेशन पवन’, पंजाब व जम्मू-काश्मीरमधील ‘ऑपरेशन रक्षक’ आणि ईशान्य भारतातील ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ व ‘बजरंग’ या मोहिमांतही या दलाने भाग घेतला. महत्त्वाची ठिकाणे, पूल, दारूगोळ्याची भांडारे आणि दळणवळणाच्या मार्गांचे रक्षण ही त्यांची मुख्य जबाबदारी असते. ती पार पाडली गेली की नियमित सैन्य आघाडीसाठी मोकळे होते.

‘दुसरी फळी’ या शब्दांमुळे हे काम सुरक्षित असल्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. मणिपूरमध्ये जिरीबाम ते इंफाळ हा रेल्वेमार्ग उभारला जात असताना त्याच्या संरक्षणासाठी 107 पायदळ बटालियन, 11 गोरखा रायफल्स ही प्रादेशिक सेनेची तुकडी तैनात होती. 30 जून 2022 च्या पहाटेपूर्वी नोने जिल्ह्यातील तुपुल येथे डोंगराचा कडा कोसळला आणि छावणी मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. रेल्वेच्या कामावरील मजूर, कर्मचारी आणि स्थानिक रहिवाशांबरोबर या दलाच्या सुमारे 30 जवानांना प्राण गमवावे लागले.

तीन प्रकारचे पाचारण

प्रादेशिक सेनेची सेवा कायद्याने तीन प्रकारांत विभागली आहे. पहिला प्रकार नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी किंवा महत्त्वाच्या ठिकाणी पहारा देण्यासाठी बोलावण्याचा. दुसरा, प्रशिक्षणासाठी अथवा नियमित सैन्याला बळ देण्यासाठी संपूर्ण तुकडी प्रत्यक्ष सेवेत आणण्याचा. तिसरा, एखाद्या व्यक्तीला तिच्या विनंतीवरून किंवा ठरलेल्या अटींनुसार नियमित सैन्याशी संलग्न करण्याचा. केंद्र सरकारच्या आदेशाखेरीज या दलातील कोणालाही देशाच्या सीमेबाहेर सेवा बजावण्याची सक्ती करता येत नाही.

प्रत्यक्ष सेवेच्या काळात जवान आणि अधिकारी यांना नियमित सैन्याप्रमाणेच वेतन व भत्ते मिळतात आणि लष्करी कायदाही लागू होतो. सेवेचा काळ संपला की तीच व्यक्ती पुन्हा आपल्या कार्यालयात, दुकानात किंवा शेतावर रुजू होते.

रचना: पलटण कायमची, माणसे आळीपाळीने

दलाचे मुख्यालय नवी दिल्लीत असून महासंचालक त्याचे प्रमुख असतात. त्याखाली लष्कराच्या विभागांनुसार गट मुख्यालये आहेत आणि प्रत्येकाची धुरा ब्रिगेडियर दर्जाचा अधिकारी सांभाळतो. दक्षिण विभागाचे गट मुख्यालय पुण्यात, पूर्व विभागाचे कोलकात्यात, पश्चिम विभागाचे चंडीगडमध्ये आणि मध्य विभागाचे लखनऊमध्ये आहे. बटालियनचा कणा म्हणून नियमित सैन्यातील काही अधिकारी आणि प्रशिक्षक तेथे कायम नेमलेले असतात. त्यांच्यामुळे शस्त्रागार, नोंदी आणि प्रशिक्षणाची घडी टिकून राहते.

पायदळ बटालियन नियमित सैन्यातील एखाद्या रेजिमेंटशी जोडलेली असते. रेजिमेंटचे नाव, परंपरा आणि युद्धघोष तिच्याबरोबर चालतो. पुण्यातील 101 आणि कोल्हापुरातील 109 पायदळ बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी, तर बेळगावची 115 बटालियन महार रेजिमेंटशी संलग्न आहे. बंगळूरूची 106 बटालियन पॅराशूट रेजिमेंटची असून क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांच्यामुळे तिचे नाव सर्वदूर पोहोचले.

दलातील तुकड्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. बिगर-विभागीय तुकड्यांत पायदळ, पर्यावरण बटालियन आणि नियंत्रण रेषेवरील कुंपणाची देखभाल करणाऱ्या अभियंता रेजिमेंटचा समावेश होतो. विभागीय तुकड्यांचे मनुष्यबळ मात्र रेल्वे, इंडियन ऑइल, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ अशा सरकारी आस्थापनांतून येते. राज्यांच्या आरोग्य विभागांतून उभारलेली रुग्णालयेही याच वर्गात मोडतात. युद्ध किंवा गंभीर संकटाच्या काळात रेल्वे धावत राहावी आणि इंधनाचा पुरवठा तुटू नये, हा या तुकड्यांचा हेतू. इंजिन चालवणारा किंवा तेलवाहिनी सांभाळणारा माणूस ऐनवेळी घडवता येत नाही. म्हणून ते काम रोज करणाऱ्यालाच लष्करी शिक्षण देऊन ठेवले जाते.

काळाबरोबर या वर्गाची गरजही नव्याने तपासली जात आहे. रेल्वेच्या सहा अभियंता रेजिमेंटपैकी पाच बंद करून केवळ जमालपूरची रेजिमेंट राखण्याचा निर्णय अलीकडे घेण्यात आला. सिलिगुडीमार्गे ईशान्येकडे जाणाऱ्या संवेदनशील रेल्वेमार्गाची गरज लक्षात घेऊन ही एक रेजिमेंट कायम ठेवण्यात आली आहे.

झाडे लावणारे सैनिक

प्रादेशिक सेनेची सर्वांत वेगळी ओळख तिच्या पर्यावरण बटालियनमुळे झाली. 1 डिसेंबर 1982 रोजी डेहराडून येथे 127 पायदळ बटालियन, गढवाल रायफल्स ही पहिली पर्यावरण तुकडी स्थापन झाली. चुनखडीच्या बेसुमार खाणकामामुळे मसुरीच्या डोंगरउतारांची चाळण झाली होती. तेथे पुन्हा माती धरून ठेवणे आणि वनराई उभी करणे हे तिचे काम होते. त्यानंतर राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरातील वाळूचे ढिगारे स्थिर करण्यासाठी, पिथोरागड आणि शिमल्याच्या डोंगरांत वनीकरणासाठी, दिल्लीजवळील भाटी खाणींच्या उजाड जमिनीवर जंगल उभे करण्यासाठी आणि आसामातील वनक्षेत्रासाठी अशा तुकड्या उभारण्यात आल्या.

महाराष्ट्रात मराठवाड्यासाठी 136 पायदळ बटालियन, महार ही पर्यावरण तुकडी 2017 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे सुरू झाली. वारंवारच्या दुष्काळाने होरपळणाऱ्या आणि वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या या भागात वृक्षलागवड करणे आणि लावलेली झाडे जगवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. गंगेच्या स्वच्छतेच्या कार्यक्रमासाठी प्रयागराज येथे स्वतंत्र दल काम करते.

या तुकड्यांत प्रामुख्याने त्याच भागातील माजी सैनिक असतात. खर्च पर्यावरण मंत्रालय किंवा संबंधित राज्य सरकार उचलते. एरवी वृक्षारोपणाच्या मोहिमा रोप लावून संपतात. येथे मात्र कुंपण, पाणी आणि राखण यांसाठी शिस्तबद्ध माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात. या पद्धतीचे वेगळेपण यातच आहे.

आपल्याच गावात पहारा

याच तत्त्वावर, पण पूर्णपणे वेगळ्या परिस्थितीत, जम्मू-काश्मीरमध्ये ‘होम अँड हर्थ’ बटालियन उभ्या राहिल्या. स्थानिक तरुणांना त्यांच्याच प्रदेशात सेवेत घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. डोंगरवाटा, भाषा आणि माणसे त्यांना ठाऊक असतात. बाहेरून आलेल्या तुकडीला ती ओळख व्हायला काही वर्षे जावी लागतात.

या ओळखीची किंमतही मोठी आहे. गस्त संपवून सैनिक छावणीत परततो. रजेवर मात्र तो आपल्याच गावात, दहशतवाद्यांना माहीत असलेल्या घरात असतो. ऑगस्ट 2020 मध्ये शोपियान जिल्ह्यात सुटीवर आलेल्या अशाच एका जवानाचे अपहरण झाले आणि त्याचा मृतदेह हाती लागायला वर्षाहून अधिक काळ गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये अनंतनाग जिल्ह्यात आणखी एका जवानाचे अपहरण करून त्याची हत्या करण्यात आली.

अधिकारी कसे निवडले जातात

18 ते 42 वर्षे वयाचा, पदवीधर आणि उपजीविकेचे साधन असलेला भारतीय नागरिक प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्यासाठी अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, सेवा निवड मंडळाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे पार करावे लागतात. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे वार्षिक शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत तीन महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. महेंद्रसिंग धोनी, कपिल देव, अभिनव बिंद्रा, मोहनलाल किंवा नीरज चोप्रा यांना मिळालेले पद मानद आहे. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर हे नेते मात्र रीतसर निवड प्रक्रियेतून या दलाचे अधिकारी झाले. पहिल्या प्रकारात सन्मान आणि प्रेरणेचा भाग मोठा असतो, तर दुसऱ्यात दरवर्षीच्या प्रशिक्षणाचे आणि पाचारणाचे बंधन येते. धोनी यांनी मात्र 2019 मध्ये आपल्या बटालियनबरोबर काश्मीरमध्ये सुमारे दोन आठवडे प्रत्यक्ष सेवा बजावली होती.

महिलांसाठी या दलाची दारे उशिरा उघडली. कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत स्त्री आणि पुरुष दोघेही येतात, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये दिला. 2019 पासून पर्यावरण, तेल आणि रेल्वे तुकड्यांत महिला अधिकाऱ्यांच्या नियुक्त्या सुरू झाल्या. जुलै 2023 मध्ये नियंत्रण रेषेवरील अभियंता रेजिमेंट तसेच गट मुख्यालये आणि दलाच्या मुख्यालयातही त्यांना नेमण्यास संरक्षण मंत्र्यांनी मंजुरी दिली.

नोकरीचे संरक्षण

अर्धवेळ सैनिकाच्या वाट्याला दोन वरिष्ठ येतात: एक कार्यालयातला, दुसरा पलटणीतला. दोघांची मागणी एकाच वेळी आली तर काय, हा या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. लष्करी सेवेसाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भविष्यनिर्वाह निधीसारखे त्याचे हक्कही सुरक्षित राहतात.

कागदावरील हे संरक्षण सरकारी कर्मचाऱ्याला सहज लाभते. खासगी कंपनीतील नोकरदाराला दरवर्षी दोन महिन्यांची सुटी मागताना आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्याला दोन महिने दुकान बंद ठेवताना मात्र या कायद्याचा आधार तितका पुरत नाही. पदोन्नती, ग्राहक आणि बाजारातील जागा यांची भरपाई कोणताही कायदा करू शकत नाही.

रोजगाराची आशा आणि वास्तव

नोव्हेंबर 2024 मध्ये बेळगाव आणि पिथोरागड येथे प्रादेशिक सेनेच्या भरतीसाठी हजारो तरुण लोटले आणि गर्दी आवरणे यंत्रणेला कठीण गेले. या रांगांतील अनेकांना अर्धवेळ सेवेपेक्षा कायम रोजगाराची आस होती. दल मात्र आपल्या जाहिरातींत स्पष्ट सांगते की ही पूर्णवेळ कारकीर्द नाही. तुकडी सेवेत राहील तितके दिवस वेतन आणि ती सेवेबाहेर गेली की वेतन बंद, हा येथील नियम आहे. निवृत्तिवेतनही प्रत्यक्ष सेवेचा ठरावीक काळ भरला तरच मिळते.

व्यवहारात काही पायदळ बटालियन दीर्घकाळ सेवेत राहतात आणि त्यांतील जवानांचे जीवन जवळपास पूर्णवेळ सैनिकासारखेच होते. तरीही ते सरकारच्या आदेशावर आणि निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. त्यामुळे 2025 च्या आदेशातील ‘निधी उपलब्ध असल्यास’ हे शब्द लष्करी नियोजनाइतकेच हजारो कुटुंबांच्या मासिक खर्चाशी निगडित आहेत.

दुसरीकडे, नागरी जीवनातील कौशल्य लष्कराला उपयोगी पडण्याच्या शक्यता वाढत आहेत. चीनच्या सीमेवरील चर्चांसाठी 2023 मध्ये या दलाने चिनी भाषेच्या जाणकारांना अधिकारी म्हणून घेतले. असे विशेष ज्ञान असणारा माणूस सहसा सैन्यात पूर्णवेळ येत नाही. वर्षातील काही महिन्यांसाठी मात्र तो येऊ शकतो. 1949 मध्ये पहारेकरी आणि तोफची यांच्यासाठी आखलेली ही चौकट आज भाषातज्ज्ञ आणि अभियंत्यांनाही सामावून घेत आहे.

सध्याच्या आदेशाची मुदत 9 फेब्रुवारी 2028 रोजी संपेल. त्यानंतर किती बटालियन सेवेत ठेवायच्या, याचा निर्णय सरकारला पुन्हा घ्यावा लागेल. तोपर्यंत या दलातील प्रत्येकाला आपली नोकरी किंवा व्यवसाय सांभाळत पाचारणाची तयारी ठेवावी लागणार आहे.